दुसरा फोटो काढावा लागू नये म्हणून

गेल्या सोमवारी एक्स-रे काढायला शिकणारी नवी मुलं आली. सहा जण, चार मुली आणि दोन मुलगे. एक अक्कलकोटहून रोज एसटीने येते, दोघं मोहोळचे, बाकीचे इथलेच, अशोक चौक आणि विडी घरकुलच्या बाजूचे. पांढरे कोट इतके नवे की घड्या अजून मोडल्या नव्हत्या. खोलीत आल्या आल्या सगळ्यांची नजर कंट्रोल पॅनलवरच्या बटणाकडे गेली. दर वर्षी असंच होतं. बटण कधी दाबायला मिळणार हे तोंडाने कोणी विचारत नाही, पण चेहऱ्यावर दिसतं. मी २६ वर्षं सोलापुरात एक्स-रे काढतेय. नव्या मुलांचे पहिले दोन आठवडे माझ्याकडे असतात आणि त्या दोन आठवड्यांत त्या बटणाला मी कोणालाही हात लावू देत नाही.

पहिल्या दिवशी मी एकेकाला टेबलावर झोपवते. मशीन चालू असतं ते फक्त कोलिमेटरच्या, म्हणजे किरण कुठे पडणार ते दाखवणाऱ्या, दिव्यासाठी. "पाठ टेका, पाय सरळ, हलू नका" असं सांगून मी तीन मिनिटं काही बोलत नाही. टेबल गार असतं आणि फळीसारखं कडक असतं. मणक्याखाली, टाचांखाली टोचायला लागतं, वरून डोळ्यांवर दिवा. वीस वर्षांची धडधाकट मुलं दुसऱ्या मिनिटाला चुळबुळ करायला लागतात. मग मी विचारते, खुब्याचं हाड मोडलेली सत्तर वर्षांची आजी इथे किती वेळ पडू शकेल? तेव्हा तिला झोपवायच्या आधी कॅसेट, म्हणजे फोटो जिच्यात उमटतो ती चपटी पेटी, कुठे, उशी कुठे, किरण सोडणारी ट्यूब किती उंचीवर, हे सगळं ठरलेलं पाहिजे.

नंतर आठवडाभर मुलं एकमेकांवर पोझिशनिंगचा सराव करतात. एक पेशंट, एक टेक्निशियन. किरण मात्र सोडायचे नाहीत, अगदी बोटाच्या पेरावरसुद्धा नाहीत. यावरून दर वर्षी कोणीतरी हळूच म्हणतं, "मॅडम, एकदा स्वतःच्या हाताचा बघू की." रॉंटगेनने २२ डिसेंबर १८९५ ला बायकोच्या हाताचा काढलेला, अंगठी दिसणारा फोटो सगळ्यांनी पुस्तकात पाहिलेला असतो. त्या मुलांना मी एडिसनच्या मदतनिसाची गोष्ट सांगते. क्लॅरेन्स डॅली त्याचं नाव. ट्यूब चालते का हे बघायला तो आपलाच हात किरणांत धरायचा. आधी कातडी जळली, मग कॅन्सर झाला, हात कापावे लागले आणि १९०४ साली तो गेला. त्याची ही दशा पाहून एडिसनने एक्स-रेचं काम सोडून दिलं. डॉक्टरांची चिठ्ठी नाही तर फोटो नाही, हा नियम मी पहिल्या दिवशी सांगते आणि शेवटच्या दिवशीही सांगते.

आमच्याकडे एक शब्द आहे, 'रिपीट'. फोटो बिघडला, पुन्हा काढला, की झाला रिपीट. पेशंट हलला म्हणून, श्वास नीट घेतला नाही म्हणून, बाजू चुकली म्हणून, गळ्यातला ताईत मध्ये आला म्हणून. पहिल्यांदा किरण अंगावर घेतले ते त्याच्या आजारासाठी. दुसऱ्यांदा घेतले ते बहुतेक वेळा आपल्या चुकीसाठी. मुलांना दोन आठवडे मी जे काही शिकवते, ते सगळं हा दुसरा फोटो टाळण्यासाठी.

हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी शिकले ती एका मुलीमुळे. नोकरीचं माझं पहिलंच वर्ष, एका खासगी ठिकाणी. मंगळवेढ्याकडची सतरा-अठरा वर्षांची पोर, तीन आठवडे खोकला म्हणून वडिलांबरोबर आली होती. केस लांबसडक, तेल लावून घट्ट वेणी घातलेली. मी तिला बकी स्टँडला, म्हणजे फिल्म उभी धरणाऱ्या चौकटीला, छाती टेकवून उभं केलं, हनुवटी वर घ्यायला लावली, श्वास धरायला सांगितला आणि फोटो काढला. वेणी पाठीवरून उजव्या खांद्यावर आली होती. मला ती दिसत होती, पण ती बाजूला करावी हे डोक्यातच आलं नाही. फिल्मवर उजव्या फुफ्फुसाच्या टोकाला लांबट धुरकट सावली आली. टीबीचा डाग अनेकदा नेमका त्याच जागी असतो. डॉक्टरांनी थुंकीची तपासणी लिहून दिली आणि फोटो पुन्हा काढायला सांगितला. वडिलांना एवढंच कळलं की वरच्या बाजूला डाग आहे. तोवर गावाकडची शेवटची गाडी गाठायची वेळ झाली होती. ती दोघं गेली आणि तिसऱ्या दिवशी परत आली. एसटीचं भाडं पुन्हा, रोजगार पुन्हा बुडाला. त्या दोन दिवसांत घरी तिचं ताट-वाटी वेगळी ठेवली होती, हे तिनेच मला सांगितलं. या वेळी मी तिची वेणी डोक्यावर बांधली. फोटो स्वच्छ आला. वडील म्हणाले, "पोरीला काय न्हाई ना, मग झालं की ओ बाई." मी डार्करूममध्ये गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

तेव्हापासून छातीच्या फोटोला वेणी वर, हे माझ्या हातांना लागलेलं वळण आहे. मंगळसूत्राचंही तेच. आपल्याकडच्या बायका ते गळ्यातून काढायला तयार होत नाहीत आणि मी कधी आग्रह करत नाही. वाटीपासून वर उचलून मणी दातांत धरायला सांगायचे, म्हणजे छातीवर काही येत नाही. फक्त मग श्वास नाकाने घ्यायचा, हे आठवणीने सांगावं लागतं.

नाव विचारणं हा अर्ध्या दिवसाचा धडा आहे. बाकावर दोन लक्ष्मीबाई आणि तीन सिद्राम बसलेले असतात. "तुम्ही लक्ष्मीबाई ना?" असं विचारलं की कमी ऐकू येणारी आजी मान हलवते. "तुमचं पूर्ण नाव सांगा, गाव सांगा, कुठं दुखतंय ते हात लावून दाखवा," असंच विचारायचं. चिठ्ठीवर डावा गुडघा आणि हात उजव्यावर गेला, तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा.

बायकांना विचारायचा प्रश्न याहून अवघड. पोट, कंबर, खुबा यांचा फोटो असेल तर पोटात बाळ आहे का, हे कळल्याशिवाय पुढे जायचं नाही. पण "तुम्ही गरोदर आहात का?" असं बापासमोर विचारलं तर लग्न न झालेली पोर काहीही असलं तरी नाहीच म्हणणार. सासू शेजारी असली तर सून तिच्या तोंडाकडे बघते. म्हणून आधी दार लावायचं, नातेवाईक बाहेर, आणि "शेवटची पाळी कधी आली होती?" एवढंच साध्या आवाजात विचारायचं. मोहोळचा एक मुलगा हे बोलताना लाजून खाली बघत होता. त्याच्याकडून मी ते वीस वेळा म्हणवून घेतलं. आपण लाजलो की समोरची बाईही लाजते आणि खोटं सांगते.

मग मार्कर. शिशाची दोन अक्षरं, आर आणि एल. छातीच्या फोटोत पेशंट आपल्याकडे पाठ करून उभा असतो, म्हणजे त्याचा उजवा खांदा आपल्या उजव्या हाताला. तोच फोटो वाचायला लावला की तो समोर तोंड करून उभा असल्यासारखा, उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला. इथे सगळ्यांचा गोंधळ होतो. अक्षर फोटो काढण्याआधी लावायचं, नंतर कॉम्प्युटरवर टाकायचं नाही. काही माणसांचं हृदय जन्मतः उजवीकडे असतं. मार्करवर भरवसा नसेल, तर कोणीतरी तो फोटोच उलटा आहे असं समजून 'सरळ' करून ठेवेल.

अंगावर आलेले किरण मोजणाऱ्या टीएलडी बॅजबद्दल मी कडक आहे, कारण त्या पहिल्या नोकरीत मला आठ महिने बॅज मिळाला नव्हता. बॅज छातीवर लावायचा, शिशाचं अ‍ॅप्रन घातलं तर अ‍ॅप्रनच्या आत, आणि दुसऱ्याचा कधीही घालायचा नाही. आत तीन छोट्या चकत्या असतात. तीन महिन्यांनी त्या प्रयोगशाळेत तापवतात, तापल्या की उजेड देतात, आणि त्या उजेडावरून आपल्या अंगावर किती किरण आले ते मोजतात. म्हणूनच सोलापूरच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत बॅज विसरायचा नाही. आपल्यासारख्यांना मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (अंगावर आलेल्या किरणांचं माप), कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. छातीचा एक फोटो म्हणजे साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट. आकडा लहान आहे हे मी लपवत नाही, पेशंट घाबरला तर त्यालाही सांगायला सांगते. पण लहान आहे म्हणून चुकीने दुसऱ्यांदा द्यायचा हक्क आपल्याला मिळत नाही.

श्वासाचा धडा मला सगळ्यात आवडतो. श्वास पूर्ण भरला नाही तर हृदय मोठं दिसतं, फुफ्फुसाचा खालचा भाग धुरकट दिसतो. चांगल्या फोटोत छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या वर मागच्या दहा फासळ्या मोजता येतात. पण "श्वास घ्या, धरून ठेवा" हे सोलापुरात एका भाषेत सांगून भागत नाही. विणकर घरातल्या आज्जी तेलुगू बोलतात, अक्कलकोटच्या पलीकडून आलेले काका कन्नड बोलतात, कोणाला "सांस रोको" लवकर कळतं. यंदा विडी घरकुलच्या मुलीने बाकीच्यांना "ऊपिरि पीलचंडि, पट्टंडि, वदलंडि" शिकवलं आणि अक्कलकोटच्या मुलीने "उसिरु तगोळ्रि, हिडीरि, बिडीरि". दोघींनी ते फळ्यावर लिहिलं, मी पुसू दिलं नाही. शेवटचा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. आपण काचेमागे पुढचं काम करत राहतो आणि तिकडे म्हातारा माणूस सांगितलंय म्हणून श्वास धरून उभाच असतो.

बटणाला दोन टप्पे असतात. पहिल्या दाबाला ट्यूबच्या आत ॲनोड, म्हणजे किरण जिथून निघतात ती चकती, फिरायला लागतो, त्याची घरघर ऐकू येते, दुसऱ्या दाबाला किरण सुटतात. मधल्या त्या सेकंदात नजर बटणावर नको, काचेतून पेशंटच्या खांद्यावर हवी. खांदा हलला तर बोट उचलायचं.

आमच्या काळात फिल्म होती. मे महिन्यात टाकीचं पाणी इतकं तापायचं की डेव्हलपर, म्हणजे फिल्म उमटवणारं द्रावण, वीस अंशांवर ठेवायला भोवतीच्या पाण्यात बर्फाची लादी टाकावी लागायची, नाहीतर फिल्मवरचा थर मऊ पडायचा. ते दिवस परत यावेत असं मला वाटत नाही. पण तेव्हा बिघडलेली प्रत्येक फिल्म खोक्यात पडायची आणि महिन्याच्या शेवटी मोजली जायची. आता बिघडलेला फोटो स्क्रीनवरून एका क्लिकमध्ये जातो आणि कोणालाच कळत नाही. म्हणून मी एक वही ठेवली आहे. रिपीट झाला की तारीख, कुठला फोटो, कारण, आणि काढणाऱ्याची सही. माझ्याही सह्या आहेत त्यात, या वर्षीच्यासुद्धा. मुलांना ती वही पहिल्याच दिवशी वाचायला देते.

शनिवारी दुपारी दुधनीकडचे एक आजोबा आले, छातीच्या फोटोसाठी. मराठी जेमतेम येत होती. मी अक्कलकोटच्या मुलीला म्हटलं, यांना तू उभं कर, बटण मी दाबते. तिने नाव विचारलं, गाव विचारलं, गळ्यातलं इष्टलिंग हातात धरायला दिलं. ट्यूब १८० सेंटिमीटरवर घेतली, उजव्या बाजूला आर लावला. हातांचे पंजे कमरेवर, कोपरं पुढे. मग काचेमागे येऊन माइकमध्ये म्हणाली, "उसिरु तगोळ्रि... हिडीरि." मी दाबलं. तिने लगेच "बिडीरि" म्हटलं.

फोटोत दहा फासळ्या होत्या. डाव्या खांद्याच्या पात्याची कड थोडी फुफ्फुसावर आली होती, कोपर पुरेसं पुढे गेलं नव्हतं. तिचा चेहरा उतरला. "मॅडम, रिपीट?"

मी रेडिऑलॉजिस्ट सरांना दाखवला. ते म्हणाले, जे बघायचं ते दिसतंय. म्हणजे रिपीट नाही, असं मी तिला सांगितलं, आणि कोपर किती पुढे घ्यायचं ते तिला स्वतःच्या हातावर करून दाखवायला लावलं. आजोबा सदरा घालत होते. त्यांनी तिला कन्नडमध्ये विचारलं, काय निघालं? ती माझ्याकडे बघून थांबली, मग म्हणाली की डॉक्टर फोटो बघून सांगतील, आणि त्यांना दारापर्यंत सोडून आली.

सोमवारी कोपराचा फोटो घ्यायचा आहे. प्लास्टर घातलेलं लहान मूल आलं तर बरं, या सहा जणांना आईला अ‍ॅप्रन कसं द्यायचं तेही एकदम दाखवता येईल.