बारा इच्छांची यादी आणि तारांमधली लहर : पहिल्या वर्षाची नोंद

गेल्या वर्षी वहीच्या शेवटच्या पानावर मी संगीतातल्या बारा गोष्टी लिहून काढल्या होत्या. अट एकच होती, की नुसते ऐकून भागेल अशी एकही गोष्ट यादीत नको. प्रत्येकीत हात, गळा किंवा निदान जीभ तरी गुंतली पाहिजे. बारांपैकी चार पूर्ण झाल्या, एक अर्ध्यावर आहे, एक मी खोडून टाकली आणि उरलेल्या सहांना अजून हात लागलेला नाही. ज्यांनी अशीच यादी केली आहे किंवा करण्याच्या बेतात आहेत, त्यांच्यासाठी ही नोंद आहे.

सर्वांत सोपी वाटली म्हणून पहिली घेतलेली गोष्ट होती तानपुरा केवळ कानाने जुळवणे. इतकी वर्षे मी यंत्रातल्या तानपुऱ्यावर गात आले होते आणि खरा तानपुरा हाती आला तरी समोर मोबाइलवरचा ट्यूनर असे. या वेळी ट्यूनर दुसऱ्या खोलीत ठेवला. पहिल्या संध्याकाळी सव्वा तास खटपट करूनही जोडीच्या, म्हणजे एकाच षड्जाला लावायच्या मधल्या दोन तारा एक झाल्या नाहीत, आणि आपला कान तयार आहे हा माझा समज त्याच संध्याकाळी गळून पडला.

चूक कुठे होत होती, ते सविस्तर सांगण्यासारखे आहे. माझा षड्ज पेटीवरच्या पांढरी पाचचा, म्हणजे जोडीच्या तारेची कंपने सेकंदाला 196. दुसरी तार 198वर असेल, तर दोन्ही एकत्र छेडल्यावर आवाज सेकंदाला दोनदा फुगतो आणि दोनदा ओसरतो. पुस्तकात याला विस्पंद म्हणतात. मी लहरच म्हणते. तारा जवळ येऊ लागल्या की लहर मंदावते, आणि फरक पाव कंपनावर आला की एक लहर पुरी व्हायला चार सेकंद लागतात. मी दर दीड सेकंदाला तार पुन्हा छेडत होते, त्यामुळे ही शेवटची मंद लहर मला कधी ऐकूच येत नव्हती आणि तारा जुळल्या असे समजून मी खर्जाकडे, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराच्या तारेकडे वळत होते. छेडल्यावर हात मांडीवर ठेवून आवाज विरेपर्यंत थांबायचे, एवढे कळायला मला नऊ दिवस लागले. त्यानंतर खुंटीला हात लावायची गरज क्वचितच पडली. तारेत ओवलेला मणी कणभर खाली सरकवला की ताण किंचित वाढतो, आणि त्या कणभर हालचालीत लहर लांबत लांबत नाहीशी झालेली ऐकू येते.

दुसरी अडचण जवारीची, म्हणजे तार घोडीला हलकेच घासून उठणाऱ्या गुंजनाची. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी खुली करताना स्वरही किंचित हलतो, हे मी विसरत असे. आधी तार जुळवायची आणि मग दोरा लावायचा या क्रमाने केलेले काम दर वेळी पुन्हा करावे लागे. आता मी अंदाजे जुळवते, दोरा जागेवर आणते आणि मग पुन्हा नीट जुळवते.

तेविसाव्या दिवशी स्वयंभू गंधार ऐकू आला. खर्जाची तार 98 कंपनांची; तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींतले बारीक स्वरही उमटतात, त्यांना स्वरांश म्हणतात. तिच्या पाचव्या स्वरांशाची कंपने 490, आणि तोच हा गंधार. त्याच्याविषयी वाचले पुष्कळ होते, पण कोणीही न लावलेला स्वर खोलीत स्पष्ट उभा आहे ही गोष्ट वाचून कळत नाही. कुतूहलाने मी शेजारी कीबोर्ड ठेवून तोच गंधार दाबला. कीबोर्डवरची ती पट्टी जवळजवळ 494 कंपनांची असते, त्यामुळे दोन्ही एकत्र वाजताच सेकंदाला सुमारे चार लहरींची थरथर सुरू झाली. लहानपणापासून पेटीबरोबर गाऊन माझा शुद्ध गंधार नेमका तेवढाच चढा बसला आहे, हे त्या थरथरीने दाखवून दिले. तो उतरवण्याचे काम अजून चालू आहे आणि ते यादीत नव्हते.

दुसरी गोष्ट थेरेमिन. एका मित्राकडून ते पंधरा दिवसांसाठी मिळाले. 1920च्या सुमारास रशियन संशोधक लेव्ह तेर्मेन यांनी हे वाद्य तयार केले आणि 1928मध्ये त्यांना त्याचे अमेरिकेत पेटंट मिळाले. वाजवताना त्याला स्पर्शच करायचा नसतो. उभ्या दांडीपासून एका हाताचे अंतर स्वर ठरवते, तर आडव्या कड्यापासून दुसऱ्या हाताचे अंतर आवाजाचा लहानमोठेपणा. आत कानाला ऐकू न येणाऱ्या दोन अतिउच्च कंपनसंख्या असतात. एक स्थिर राहते, दुसरी हात जवळ-दूर नेल्याने किंचित बदलते, आणि आपल्याला ऐकू येतो तो त्या दोहोंमधला फरक. म्हणजे तानपुऱ्यात जी लहर मी घालवत होते, तीच इथे इतकी जलद झालेली असते की तिचाच स्वर होतो. हे लक्षात आले तेव्हा मी वाद्य बंद करून काही वेळ नुसतीच बसले होते.

वादनाची प्रगती मात्र यथातथाच आहे. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, आपोआप मिळते, कारण या वाद्याला दुसरे काही येतच नाही. अवघड असते ते थांबणे. षड्जावरून पंचमावर जाऊन तिथे स्थिर राहणे मला दहाव्या दिवशी जमले, तेही श्वास रोखून, कारण छाती फुगली तरी स्वर हलतो. भाची पाठीमागून गेली की पंचमाचा तीव्र मध्यम होई किंवा धैवत, हे ती कुठल्या बाजूने जाते त्यावर अवलंबून असे, आणि हे तिला कळल्यानंतर ती मुद्दाम जाऊ लागली. मंद गतीतला एक आरोह-अवरोह ध्वनिमुद्रित करून मी ही नोंद पूर्ण धरली आहे. ज्यांना तो ऐकायचा असेल त्यांनी आग्रह करू नये.

आड लयीची, म्हणजे दोन टाळ्यांच्या वेळात तीन बोल बसवण्याची नोंद आठवड्यात निकालात निघाली. सहा समान भाग मनात धरून टाळी पहिल्या आणि चौथ्या भागावर द्यायची आणि बोल पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या भागावर म्हणायचे, एवढेच करायचे असते. कुआड ही दुसरी वाकडी लय पुढच्या वर्षी.

खोडून टाकलेली नोंद म्हणजे कोणत्याही आधाराशिवाय स्वराची पट्टी ओळखणे. ही क्षमता बहुधा लहान वयातच रुजते आणि मोठेपणी ती कमावता आल्याची उदाहरणे फारच विरळ आहेत. दोन महिने रोज सकाळी पट्टी ओळखण्याचा प्रयत्न केला. कधी बरोबर, बहुधा चूक. वेळ दुसरीकडे घातलेला बरा.

अर्ध्यावर असलेली गोष्ट म्हणजे एकाच गळ्यातून दोन स्वर काढणे. सायबेरियाच्या दक्षिणेला असलेल्या तुवा प्रदेशात आणि मंगोलियात ही गायकी रुजलेली आहे. तिला खूमेई म्हणतात, आणि मंगोलियातल्या खूमेई गायनाचा युनेस्कोने 2010मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. तिच्यातला सिगित हा प्रकार शिट्टीसारखा उंच ऐकू येतो आणि मी त्याच्याच मागे लागले आहे. षड्ज स्थिर धरायचा, जिभेचे टोक 'ल' म्हणताना लागते तिथे टेकवायचे आणि ओठ 'उ'कडून 'ई'कडे अगदी सावकाश न्यायचे, एवढी कृती आहे. माझ्या तोंडात मात्र 'ल'पेक्षा 'ळ'ची जागा अधिक उपयोगी पडली. जिभेचे टोक मागे वळवताच वरचा स्वर धुक्यातून बाहेर आल्यासारखा सुटा होतो.

इथे स्वरांशांचे गणित सरगमीत मांडले की फार सोयीचे होते. सहावा पंचम, आठवा षड्ज, नववा ऋषभ, दहावा गंधार, बारावा पुन्हा पंचम. मधला सातवा आपल्या ओळखीच्या कोमल निषादापेक्षा बराच उतरलेला असतो आणि तो वगळून पुढे जायचे असते. सहावा, आठवा आणि नववा मला हमखास मिळतात, दहावा चार प्रयत्नांत एकदा, बारावा अजून एकदाही नाही. कारण सरळ आहे. माझ्या षड्जाचा बारावा स्वरांश 2352 कंपनांवर जातो आणि जिभेने केलेली पोकळी तितकी लहान मला अद्याप करता येत नाही. खालचा षड्ज असलेल्या पुरुष गायकाला तेच अंतर कमी श्रमात गाठता येते. सूचना एकच, की गळा आवळून काढायचा मूळचा कसदार आवाज मी जाणूनबुजून टाळला आहे. जाणकार समोर नसताना ते करू नये. घसा दुखला की त्या दिवशीचा सराव संपला असे मानावे.

चौथी पूर्ण झालेली गोष्ट बालीच्या गामेलानची, म्हणजे तिथल्या काशाच्या वाद्यांच्या वृंदाची. दोन दिवसांच्या कार्यशाळेत मला गांग्सा मिळाले. बांबूच्या नळ्यांवर टांगलेल्या काशाच्या पट्ट्या आणि हातात एक लाकडी हातोडी. एका हाताने पुढची पट्टी वाजवायची आणि त्याच क्षणी दुसऱ्या हाताने मागची पट्टी चिमटीत धरून गप्प करायची. वाजवणे तासाभरात जमले, गप्प करणे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जमले नाही. एकच द्रुत धून दोघांत वाटून वाजवण्याच्या कोतेकानमध्ये माझ्याकडे पोलोस हा भाग होता आणि समोरच्या सोबत्याकडे सांगसिह. आपला एक आघात चुकला की धुनेत थेट भोक पडते आणि ते सगळ्यांना ऐकू जाते.

पहिल्याच तासाला मी समोरच्या वाद्याकडे बोट दाखवून विचारले, की हे उतरले आहे का. शिक्षकांनी काही न बोलता दोन्ही वाद्यांवरची एकच पट्टी एकदम वाजवली. ती वाद्ये जोडीने घडवतात. एकाचा स्वर मुद्दाम किंचित खाली, दुसऱ्याचा किंचित वर. खालच्याला पेंगुम्बांग म्हणतात, वरच्याला पेंगिसेप, आणि दोन्ही मिळून जी थरथर उठते तिला ओम्बाक, म्हणजे लाट. ती लाट नसेल तर वाद्य निर्जीव मानतात. तानपुऱ्यावर मणी कणाकणाने सरकवून जी लहर घालवायला मला आठवडे लागले होते, ती इथे काशात घडवलेली होती, आणि माझा कान दोन दिवस तिला दुरुस्त करू पाहत होता.

परतल्यावर जोडीची एक तार मुद्दाम सैल सोडून पाहिली. तानपुऱ्यावर ती लाट काही शोभत नाही. गायला बसले तर षड्ज कुठे धरावा हेच कळेना. तार पुन्हा जुळवून ठेवली आहे. पुढच्या तीन महिन्यांत बारावा स्वरांश, आणि दुसरा तानपुरा मिळालाच तर दोन तानपुरे एकमेकांशी जुळवणे, ही तेरावी नोंद आता वहीत चढली आहे.