कोचना पत्र कोणी लिहायचे?

आम्ही न्यू जर्सीत राहतो. अमेरिकेत विद्यापीठाच्या संघासाठी खेळाडू कोच निवडतात, म्हणून मुलगी दहावीत असताना मी तिच्या वतीने अकरा विद्यापीठांच्या जलतरण कोचना पत्रे पाठवली. प्रवेशाचा अर्ज बापाने भरायचा, ही माझ्या लहानपणापासूनची सवय. पत्रात तिचा स्वभाव होता, भरतनाट्यम होते, गणिताची आवड होती; २०० यार्ड ब्रेस्टस्ट्रोकची तिची वेळ मात्र चौथ्या परिच्छेदात होती. एकाही कोचचे उत्तर आले नाही.

त्यामागे एक नियमही होता, जो मला ठाऊक नव्हता. एनसीएए या अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या विभागातील कोचना बहुतेक खेळांत विद्यार्थ्याची दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपूर्वी त्याच्याशी भरतीविषयी पत्रव्यवहार करता येत नाही. त्याआधी येतात त्या प्रश्नावल्या आणि उन्हाळी शिबिरांची माहितीपत्रके. असे एक माहितीपत्रक आले, तेव्हा मी पुण्याला फोन करून आईला आनंदाची बातमीही देऊन टाकली होती. ते सरसकट सगळ्यांना जाते, हे नंतर कळले.

दुसऱ्या खेपेस क्लबच्या कोचबाईंच्या सांगण्यावरून पत्र मुलीने स्वतः लिहिले: शाळा संपण्याचे वर्ष, शर्यती, वेळा, सरासरी गुण, पुढच्या स्पर्धेची तारीख आणि याच विद्यापीठात का यायचे आहे याचे एक वाक्य. १५ जूननंतर उत्तरे येऊ लागली.

पैशांबाबत आमचा गैरसमज त्याहून मोठा होता. शिष्यवृत्ती म्हणजे सगळा खर्च भागला, असे आम्ही धरून चाललो होतो. पहिल्या विभागात तेव्हा महिला जलतरण संघाला जास्तीत जास्त १४ पूर्ण शिष्यवृत्त्यांएवढी मर्यादा होती आणि कोच ती रक्कम अनेकींमध्ये वाटून देत. तिसऱ्या विभागात, तसेच आयव्ही लीग या आठ नामांकित विद्यापीठांच्या गटात, खेळासाठी म्हणून शिष्यवृत्ती मिळतच नाही. तरीही पहिल्या विभागातील एक कोच वर्षाला ८ हजार डॉलर देऊ म्हणत होते, तेव्हा तिसऱ्या विभागातील एका छोट्या कॉलेजच्या अंदाजानुसार केवळ गुणांच्या जोरावर २४ हजारांची सवलत मिळण्यासारखी होती. मिळणाऱ्या रकमेऐवजी आपल्या खिशातून जाणाऱ्या रकमेचा रकाना मांडल्यावर कागदावरचा क्रम उलटा झाला. मला मात्र ‘पहिला विभाग’ हे शब्द नातेवाइकांना सांगायला फार आवडत होते, हेही कबूल केले पाहिजे.

२०२४ च्या शरद ऋतूत पहिल्या विभागातील त्या कोचची पत्रे विरळ झाली. एनसीएएवरील खटल्यातील न्यायालयीन तडजोडीमुळे शिष्यवृत्त्यांच्या मर्यादेऐवजी संघातील खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा येणार, हे तोवर दिसू लागले होते आणि काठावरच्या मुलींना जागा उरेल की नाही हे बहुधा त्यांनाच सांगता येत नव्हते. “तू आम्हाला आवडतेस,” हे वाक्य मात्र प्रत्येक पत्रात असे. त्या वाक्यावर आम्ही तीन महिने काढले.

शेवटी मुलीनेच त्या कोचना फोन लावला. मी ओट्यापाशी भाजी चिरण्याचे निमित्त करून उभा होतो. तिने विचारले, “तुमच्या यादीत या शर्यतीसाठी मी कितवी आहे, आणि माझी जागा पक्की आहे का?” पलीकडून बराच वेळ काही आले नाही, मग उत्तर आले, “पाचवी.” तिने आभार मानले, फोन ठेवला आणि त्याच संध्याकाळी छोट्या कॉलेजच्या कोचना होकार कळवला. तिला प्रवेश मिळण्यासारखा आहे का, हे पाहण्यासाठी उन्हाळ्यातच त्यांनी तिचे गुणपत्रक प्रवेश विभागाकडून आधी तपासून घेतले होते.