लार्नाकाचा जलप्रलय

सायप्रसमध्ये ऑर्थोडॉक्स ईस्टर धरून पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाचा रविवार येतो आणि त्याला जोडून ‘कातक्लिझ्मोस’ म्हणजे जलप्रलयाचा उत्सव भरतो. ईस्टरबरोबर त्याची तारीखही मागेपुढे होते; मुख्य सोमवार २०२४ साली २४ जूनला आला, तर २०२५ साली ९ जूनलाच. किनाऱ्यावरच्या अनेक गावांत तो होत असला, तरी लार्नाका शहराच्या जत्रेची सर कशालाच नाही. फिनिकूदेस या दुतर्फा माडवर्गीय झाडे असलेल्या किनारी रस्त्यावर दुकाने लागतात, पोहण्याच्या आणि होड्यांच्या शर्यती होतात आणि लोक एकमेकांना मनसोक्त भिजवतात.

हा प्रलय नेमका कोणता, यावर मात्र एकच उत्तर मिळत नाही. कोणी नोहाच्या नौकेकडे बोट दाखवतात, कोणी झ्यूसने आणलेल्या महापुरातून वाचलेल्या ड्यूकॅलियन आणि पिऱ्हा या दांपत्याकडे, तर कोणी याच बेटाच्या किनाऱ्यावर फेसातून प्रकटलेल्या ॲफ्रोडायटीच्या प्राचीन पूजेकडे. गंमत अशी की पेंटेकॉस्टच्या मूळ कथेत पाणी नाहीच, आग आहे. पवित्र आत्मा ज्वालांच्या रूपाने शिष्यांवर उतरला, असे बायबल सांगते. त्यामुळे पाण्याचा हा खेळ जुनाच असावा आणि ख्रिस्ती पंचांगाने त्याला आपल्यात सामावून घेतले असावे, हे मत मला अधिक पटते.

पण मला विचाराल तर या उत्सवाचे खरे वैभव पाण्यात नसून ‘चात्तिस्ता’ या काव्यद्वंद्वात आहे. व्हायोलिन किंवा लाउतो या तंतुवाद्याच्या साथीवर दोन गायक सायप्रसच्या बोलीत, बहुधा पंधरा अक्षरांच्या यमकबद्ध ओळी उत्स्फूर्तपणे रचून एकमेकांना डिवचतात. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्यासारखाच हा प्रकार असून त्यात विद्वत्तेपेक्षा हजरजबाबीपणा मोलाचा ठरतो. प्रतिस्पर्ध्याचे कडवे संपते न संपते तोच त्याचा टोला त्याच्यावरच उलटवायचा असतो, आणि तोही वृत्त न मोडता, हे सोपे नाही. २०११ साली युनेस्कोने या कलेचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. हे फड पूर्वी मुख्यतः बेताचे शिक्षण झालेल्या वयस्क पुरुषांचे होते. अलीकडे स्त्रियाही त्यात उतरू लागल्या आहेत, आणि डिवचाडिवचीत त्या मागे राहतील असे मला मुळीच वाटत नाही.