कॉन्डोरसाठी त्या पुलावर

‘ऐरोलीत राहता, खाडीवर फ्लेमिंगो येतात, मग अमेरिकेत मुलीकडे गेल्यावर तिला सुट्टीच्या दिवशी वाळवंटातल्या पुलावर कशाला नेलंत?’ बऱ्याच जणी विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

ॲरिझोनातला नवाहो ब्रिज. शेजारी शेजारी दोन पूल आहेत. 1929 चा जुना पूल आता फक्त चालणाऱ्यांसाठी, 1995 चा नवा गाड्यांसाठी. खाली सुमारे 140 मीटरवर कोलोरॅडो नदी. पाणी हिरवं, कारण वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन धरण गाळ अडवतं. दोन्ही काठांना लाल कडे, आणि पुलाच्या पोलादी सांगाड्यावर बसलेले कॅलिफोर्निया कॉन्डोर, म्हणजे तिकडची गिधाडंच.

एरवी गिधाड मान वर करून बघायचं. इथे ते पायाखालून जातं. नऊ फुटांहून लांब पंखांचा पसारा वरून दिसतो आणि पंखावरचा नंबरही वाचता येतो. प्रत्येकाला नंबर आहे, कारण 1982 साली जगात 22 च कॉन्डोर उरले होते. 1987 मध्ये रानातला शेवटचाही धरून आणला, पिंजऱ्यात पिल्लं वाढवली आणि 1996 च्या डिसेंबरात इथल्याच व्हर्मिलियन क्लिफ्सवरून काही सोडले. त्यांचा मोठा वैरी म्हणजे शिसं. शिकाऱ्याच्या गोळीचे बारीक तुकडे मेलेल्या जनावरात राहतात, ते यांच्या पोटात जातात. म्हणून अजूनही त्यांना पकडून रक्त तपासतात, शिसं उतरवायचे उपचार करतात.

मला तिथे आपली गिधाडं आठवली. माझ्या माहेरी गावाबाहेर ढोर टाकलं की बघता बघता आभाळातून उतरायची. आता तिथे कुत्री असतात. गुरांच्या दुखण्यावरचं डायक्लोफेनॅक मढ्यात उरलं, ते खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली. 2006 मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर बहुतेक गिधाडं गेली होती.

फ्लेमिंगो मला प्रियच आहेत. 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटले होते मी. पण त्यांना बघायला होड्या भरून माणसं जातात. मढं खाणाऱ्या पक्ष्यासाठी माणसं वर्षानुवर्षं खपतात, एकेकाचं रक्त तपासतात, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं.

मुलगी आली की आता रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावला जायचंय. तिथे पांढऱ्या पाठीची गिधाडं झाडांवर घरटी करतात. येणार असाल तर कळवा.