काकांचा केसपेपर

आज काकांना घेऊन जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात गेले होते, पहाटेची एसटी पकडून. दोन महिने झाले त्यांना झोप नाही, जेवण नाही, मागच्या आठवड्यात काकूला म्हणाले आता जगून काय करायचं, तेव्हा आम्ही सगळेच हादरलो. ओपीडीबाहेर ही मोठी लाईन आणि मानसोपचाराचे डॉक्टर एकच. पण डॉक्टर बाईंनी घाई केली नाही हां, सरळ विचारलं, जीव द्यायचे विचार येतात का? काका केसपेपरची घडी घालत बसले, घालायची, उघडायची, आणि मग रडले. पहिल्यांदाच बघितलं मी त्यांना रडताना. दोन गोळ्यांपैकी एक मिळाली, दुसरी बाहेरून घ्या म्हणाले.

2022 मध्ये महाराष्ट्रात 22,746 आत्महत्या झाल्या, देशात सगळ्यात जास्त, एनसीआरबीचाच, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाचाच आकडा आहे. शेतकरी गेला आणि केस पात्र ठरली की सरकार घरच्यांना 1 लाख देतं, मग तो जिवंत असताना तालुक्याला एक समुपदेशक आणि पुरेशा गोळ्या ठेवायला पैसा का नाही काढत? राग येतो खरंच.

टेलिमानस म्हणजे मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाईन, तिचा 14416 नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात, काकूच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून दिलाय. पुढची तारीख पंधरा दिवसांनी, परत पहाटेची एसटी.