आहे की होता?

युद्धाची मोजदाद करताना आपण आधी मृतांचा आकडा विचारतो. माझे लक्ष मात्र त्या आकड्यात न बसणाऱ्या माणसांकडे, म्हणजे बेपत्तांकडे आणि त्याहूनही त्यांच्या घरच्यांकडे जाते. नवरा परतला नाही, पण तो गेल्याचेही कोणी सांगितले नाही, अशा बाईने स्वतःला पत्नी म्हणायचे की विधवा, हे तिला ठरवता येत नाही. अर्जातल्या रकान्यात मात्र तिला काहीतरी एक लिहावेच लागते. 'माझा मुलगा शिक्षक आहे' म्हणावे तर ऐकणारे नजर चुकवतात आणि 'होता' म्हणावे तर आपणच त्याला मारल्यासारखे वाटते. क्रियापदाचा काळ निवडणे इतके जड होऊ शकते, हे व्याकरणाच्या पुस्तकात कुठेही लिहिलेले नसते.

दक्षिण-पूर्व आशियातील युद्धात बेपत्ता झालेल्या अमेरिकी वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना कुटुंबांवर संशोधन करणाऱ्या पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात या अवस्थेला 'ॲम्बिग्युअस लॉस' असे नाव दिले. मराठीत त्याला 'संदिग्ध वियोग' म्हणता येईल, जरी हा शब्द मला त्या दुःखापेक्षा फारच नीटनेटका वाटतो.

बोस्नियातील १९९२ ते १९९५ च्या युद्धानंतर तीस हजारांच्या आसपास माणसे बेपत्ता होती. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा येथे आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले आणि पुढच्या काही महिन्यांत, गुन्हा झाकला जावा म्हणून, सामूहिक कबरी यंत्रांनी उकरून त्यांतील प्रेते दुसरीकडे नेऊन पुरण्यात आली. या ओढाताणीत देह तुटले, त्यामुळे एकाच माणसाची हाडे एकाहून अधिक खड्ड्यांत सापडू लागली.

सुरुवातीला कबरींतून निघालेल्या कपड्यांची आणि वस्तूंची छायाचित्रे नातेवाइकांपुढे ठेवली जात. स्वेटरचा विरलेला कोपर आपण कोणत्या रंगाच्या लोकरीने रफू केला होता, हे विणणारीला चेहऱ्यापेक्षाही पक्के आठवते. पण स्रेब्रेनित्साच्या वेढ्यात अडकलेली माणसे एकमेकांचे कपडे घालत, म्हणून ही खूणही फसवी ठरू शकत असे. बेपत्तांच्या शोधासाठी १९९६ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाने मग नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने गोळा केले, आणि २००१ च्या अखेरीस स्रेब्रेनित्साच्या अवशेषांची पहिली ओळख डीएनएवरून पटली. आजवर तेथील सात हजारांच्या आसपास लोकांची ओळख पटली आहे. ज्या मुलाला आपले रक्त दिले, त्याला ओळखण्यासाठी आईला पुन्हा रक्तच द्यावे लागले, हे मला कोणत्याही आकडेवारीपेक्षा जास्त सांगून जाते.

आपल्या माणसाचे काय झाले हे जाणून घेण्याचा कुटुंबाचा हक्क जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पूरक कराराने मान्य केला आहे. मात्र कळल्यानंतर काय करायचे, हे कोणताही करार सांगत नाही. काही हाडे जुळली असे कळवले जाते तेव्हा, आहेत तेवढीच दरवर्षी ११ जुलैला स्रेब्रेनित्साजवळच्या पोतोचारी येथे होणाऱ्या सामूहिक दफनात पुरायची की आणखी काही सापडेपर्यंत थांबायचे, हे घरच्यांनी ठरवायचे असते. काही जण वर्षानुवर्षे थांबतात. काही जण थोडक्यावर दफन उरकतात. आणि पुढे आणखी एखादे हाड जुळले, तर ती कबर पुन्हा उघडायची का, हा प्रश्न त्याच घरापुढे येऊन उभा राहतो.