खून-दरोडे सोडून मिक्सरचं भांडण कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. फौजदारी सोडून करार आणि ग्राहक कायद्याचंच काम का धरलंत, हे मला लग्नाच्या पंगतीत, गड्ड्याच्या यात्रेत, अगदी न्हाव्याच्या खुर्चीतही विचारतात. सोलापुरात वकील म्हणजे एकतर शेताचा बांध, नाहीतर खून. मिक्सरसाठी भांडणारा वकील लोकांना अर्धाच वाटतो.

मी धरलं नाही, एका मागवाल्यानं धरायला लावलं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्याचे दोन माग. माग चालवणारा तो, कांड्या भरणारी बायको. कर्ज काढून तिसरा माग घेतला, तर टॉवेलवर नेमक्या एकाच जागी धागा तुटायचा. बिल दाखवायला काढलं तेव्हा त्याच्या घडीतून कापसाची तूस माझ्या टेबलावर पडली. समोरच्या कंपनीचा जबाब एवढाच, की माग धंद्यासाठी घेतला, म्हणून हा ग्राहकच नाही.

हे ऐकून मी बसलोच. मग सापडलं, की 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 1993 साली एक स्पष्टीकरण घातलंय. स्वयंरोजगारातून पोट भरायला घेतलेली वस्तू 'व्यापारी हेतू'त मोडत नाही. स्वतः रिक्षा चालवून पोट भरणारा ग्राहकच, असं सर्वोच्च न्यायालयानं 1995 च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग निकालात सांगितलं होतं. रिक्षाच्या जागी माग ठेवायचा. पण सिद्ध कसं करायचं? कामगारांचा हजेरीपट दाखवावा, तर कामगारच नव्हते. शेवटी तेच आम्ही प्रतिज्ञापत्रावर मांडलं, शेजारच्या दोघा मागवाल्यांची जोडली. पैसे व्याजासकट परत मिळाले. शक्यतो तीन महिन्यांत निकाल द्या असं कायदा म्हणतो, आम्हाला तीन वर्षं लागली.

पुढे एका प्रकरणात मी माती खाल्ली. विक्रेत्याशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून निवांत राहिलो. तक्रारीची मुदत दोन वर्षांची, आणि पत्रं पाठवत बसल्यानं ती वाढत नाही. विलंबमाफीचा अर्ज फेटाळला गेला. पक्षकार काही बोलला नाही, मला तेच जास्त लागलं.

करारांचं म्हणाल तर 1872 चा कायदा मुक्त संमती मागतो. आमच्या पूर्व भागात सही करणारा घरात तेलुगू बोलतो, बाजारात मराठी, आणि फॉर्म असतो बारीक इंग्रजीत. 2019 च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अन्यायकारक करार' ही कल्पना आली खरी, पण त्याची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात चालत नाही, राज्य आयोग गाठावा लागतो. मला हे पटलेलं नाही. बिल न देणं मात्र आता अनुचित व्यापारी प्रथा ठरलंय. ही गोष्ट मी येईल त्याला सांगतो, त्या मागवाल्यालाही सांगितली होती.

वकिलानं काम नीट केलं नाही तर ग्राहक आयोगात जाता येतं का, हेही बरेच जण हळूच विचारतात. नाही. मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वकिलांची सेवा त्या कायद्याबाहेर ठेवली. मागवाल्याला हे कळलं तेव्हा तो खदखदून हसला.

"म्हणजे ओ वकीलसाहेब, तुम्ही बिल नाही दिलं तरी चालतंय की!"